पारख आणि फेरपारख



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की आता बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर तासभर ऐकावे लागणार, अशी श्रोत्यांनी मनाची तयारी केलेली असते. आज मी तुम्हांला त्यातून सोडवणार आहे. मी खेळाडूंविषयी बोलणार आहे. परंतु विषय खेळाडूंचा असला तरी प्रश्न आपल्याच घरचा आहे. अठरा-वीस वर्षांच्या पोरातून पुढे काय निपजेल हे आधी कसे ओळखावे, ते ओळखण्याचा अधिकार कोणाचा, आणि ओळखण्यात चूक झाली तर ती निस्तरावी कोणी, हा तो प्रश्न होय.

पहाटे पाच वाजता आपल्या गावाबाहेरच्या रस्त्यावर जाऊन पाहा. भरतीची तयारी करणारी पोरे तिथे धावत असतात. एकजण हातातल्या मोबाईलवर सेकंद मोजतो, बाकीचे छाती फुटेपर्यंत पळतात. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक अशी मिळून ५० गुणांची मैदानी परीक्षा असते. दोन सेकंद इकडे की तिकडे, यावर एका घराची दहा वर्षे ठरतात. त्या पोरांच्या आईबापांपैकी कित्येकजण आज या मांडवात बसले आहेत. म्हणून मी जे सांगणार आहे ते करमणूक म्हणून ऐकू नका.

आपल्या तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. जाणकार गिऱ्हाईक घोड्याचे दात पाहते, खूर पाहते, अंगावरचे भोवरे पाहते, चाल पाहते आणि मग किंमत सांगते. घोड्याला कोणी काही विचारत नाही. माणसाची पारख आणि घोड्याची पारख यांत फरक असायला हवा, एवढे आपण सगळेच मान्य करू. तो फरक प्रत्यक्षात कितपत पाळला गेला, ते इतिहासात पाहू.

पहिली कथा पुण्याची आहे. पळवणकर बाळू हे धारवाडकडे जन्मलेले, चांभार समाजातले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातल्या युरोपियनांच्या जिमखान्यावर ते महिना चार रुपये पगारावर मैदानाची कामे करीत. रूळ फिरवावा, जाळी बांधावी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावेत, असे ते काम होते. साहेब फलंदाजी करणार आणि नोकर गोलंदाजी करणार, ही तिथली रीत. जे. जी. ग्रेग नावाचा उत्तम इंग्रज फलंदाज त्यांच्याकडून तासन् तास चेंडू टाकून घेई, आणि बाद केलेस तर दर खेपेला आठ आणे देईन असे त्याने सांगितले होते, अशी आठवण सांगतात. अशा रीतीने जो नोकर म्हणून नेमला होता, तो डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून तयार झाला.

त्यांचा गुण ओळखायला कोणालाच वेळ लागला नाही, हे इथे नीट लक्षात घ्या. पुण्याच्या हिंदू मंडळींना युरोपियनांना हरवायचे होते, आणि हा गोलंदाज आपल्याकडे घेतला तर ते जमेल हे त्यांना कळत होते. वाद झाला तो पंक्तीचा. शेवटी त्यांना मैदानावर घेतले. चेंडूला शिवाशिव नव्हती. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. पुढे ते मुंबईला गेले. तिथे बी. बी. सी. आय. रेल्वेने त्यांना नोकरी दिली आणि आपल्या संघातही घेतले. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात बाळूंचा मोठा हात होता. १९११ मध्ये हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघाने बरेच सामने गमावले, परंतु बाळूंनी त्या एका दौऱ्यात शंभरावर बळी घेतले.

एवढे होऊनही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. १९२० मध्ये या प्रश्नावर त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम हे दोघे संघातून बाहेर पडले. एका अर्थाने तो संपच होता. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पळवणकर हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने ती चौरंगी स्पर्धा जिंकली. बाळूंच्या गोलंदाजीत कोणाला उणे दिसले नव्हते. पारख बरोबर झाली होती, निकाल तेवढा राखून ठेवला होता. तो निकाल मोकळा झाला तो दोन भावांनी खेळायला नकार दिल्यावर.

याच जमान्यात गिरण्यांच्या फाटकावर जॉबर उभा राहत असे. सकाळी बदली कामगारांची रांग लागे. जॉबर बोट दाखवी तो आत जाई, बाकीचे घरी जात. बोट कोणाकडे वळावे यासाठी दस्तुरी चाले, नातेगोते चाले, जात चाले. आपल्या खानदेशात धुळे, अमळनेर, चाळीसगाव, जळगाव या गावांनी गिरण्यांचे दिवस पाहिले आहेत. ज्यांचे आजोबा गिरणीत होते त्यांना जॉबर हा शब्द समजावून द्यायला नको. कामगार संघटनांनी भरतीचे नियम मागितले ते या बोटाच्या जाचामुळे. लेखी नियम, मोजता येईल अशी परीक्षा, सर्वांना एकच माप, ही मागणी त्या काळी क्रांतिकारक होती. मापाविषयी मी पुढे जे बोलणार आहे ते ऐकताना हे विसरू नका. माप आले म्हणून जॉबर गेला, हे खरे आहे. परंतु मापालाही मर्यादा असतात, आणि त्या मर्यादा जगात सर्वांत स्पष्ट दिसल्या त्या अमेरिकेत.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. तो लांबट चेंडू हाताने फेकून आणि काखेत धरून पळण्याचा, अंगाला अंग भिडवण्याचा खेळ आहे. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. बहुतेक प्रत्येक चालीच्या आरंभी चेंडू त्याच्या हाती येतो. समोरून दांडगे गडी त्याच्या अंगावर धावून येत असतात आणि दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवावे लागते, की चेंडू कोणाकडे फेकायचा. हुतूतूतल्या चढाई करणाऱ्याची छाती आणि क्रिकेटच्या कर्णधाराचे डोके एकाच माणसात मिळाले तर जे होईल, ते क्वार्टरबॅक असे समजा. त्याच्यावर संघाचे भवितव्य अवलंबून असते. म्हणून महाविद्यालयात खेळणाऱ्या पोरांतून उद्याचा क्वार्टरबॅक हेरणे हा तिथे एक मोठा धंदाच होऊन बसला आहे.

या धंद्याची पद्धत सुरू झाली १९३६ मध्ये. फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांचा संघ सारखा हरत होता आणि चांगले गडी श्रीमंत संघांकडे जात होते. त्यांनी आदल्या वर्षी एक तोड सुचवली. महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची यादी करावी, सर्वांत खाली असलेल्या संघाने पहिला गडी निवडावा, त्याच्या वरच्याने दुसरा, आणि एकदा एका संघाने नाव घेतले की दुसऱ्याने त्या खेळाडूशी बोलणी करू नयेत. यालाच ते ड्राफ्ट म्हणतात. दुबळ्या संघाला आधार मिळाला, हे खरेच. परंतु कामगाराच्या बाजूने पाहा. काल दोन मालक त्याच्यासाठी चढाओढ करीत होते, आज एकच मालक उरला. मजुरी वाढण्याचा रस्ता सर्व मालकांनी मिळून एका ठरावात बंद केला.

पहिल्याच ड्राफ्टमध्ये पहिले नाव पुकारले गेले ते शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगर याचे. महाविद्यालयीन खेळातला तो त्या वर्षीचा सर्वोत्तम गडी होता. त्याने मागितलेला मोबदला मालकांना पटला नाही आणि दुसरीकडे जाण्याची सोय उरली नव्हती. हा पहिला निवडलेला खेळाडू व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना न खेळता दुसऱ्या नोकरीला लागला.

पुढे पारखीचे शास्त्र वाढत गेले. १९८०च्या दशकापासून सगळ्या संघांचे परीक्षक एके ठिकाणी जमतात आणि पोरांची मोजणी होते. उंची, वजन, तळहाताची लांबी, उभी उडी, आणि चाळीस यार्ड धावायला लागलेले सेकंद. बुद्धीची परीक्षा म्हणून बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांचा एक कागदही कित्येक वर्षे दिला जात होता. २०२२ मध्ये लीगने तो त्या मेळाव्यातून काढून टाकला. शिवाय चित्रफिती पाहणे, मुलाखती घेणे, शेजारीपाजारी चौकशी करणे हे चालूच असते. आपल्याकडे सोयरीक जुळवताना होत नाही एवढी चौकशी तिथे होते.

आणि तरीही काय होते पाहा. १९९८ मध्ये पेटन मॅनिंग आणि रायन लीफ या दोन क्वार्टरबॅकांपैकी पहिला कोण, यावर अमेरिकेत मोठा वाद झाला. जाणती माणसे दोन्ही बाजूंनी होती. मॅनिंग पहिला गेला, लीफ दुसरा. मॅनिंगने दोनदा अजिंक्यपद मिळवले. लीफची कारकीर्द थोड्याच वर्षांत संपली. लगेच दोन वर्षांनी, २००० मध्ये, मिशिगन विद्यापीठाचा टॉम ब्रेडी चाळीस यार्ड धावायला सव्वापाच सेकंदांहून अधिक घेत होता. अंग किडकिडीत, चाल मंद. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅकांची नावे पुकारली गेली आणि त्याचे नाव आले १९९ व्या क्रमांकावर. दुसऱ्या वर्षी संघाचा मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी झाला म्हणून त्याला मैदानावर उभे केले. त्याच मोसमात संघ अजिंक्य ठरला. निवृत्त होईपर्यंत त्याच्या नावावर सात अजिंक्यपदे होती.

मापात चूक कुठे होती? स्टॉपवॉच खोटे नव्हते. ब्रेडी खरोखरच सावकाश धावत होता. परंतु क्वार्टरबॅकाचे काम पायांचे कमी आणि नजरेचे अधिक. अंगावर माणूस येत असता कोण मोकळा होणार हे आधी दिसणे, आणि एकदा फसल्यावर पुढच्या चालीला हात न कापणे, हे घड्याळात बसत नाही. महाविद्यालयात हे दिसतेच असेही नाही, कारण तिथे समोरचा प्रतिस्पर्धी कच्चा असतो, चांगल्या संघातल्या पोराला फेकायला सवड मिळते आणि त्याचे उणे झाकले जाते. जे मोजणे सोपे तेच महत्त्वाचे मानण्याचा मोह परीक्षकाला होतो. चुकले तरी आकडा दाखवून त्याला हात झटकता येतात.

आता आपल्या मुलखात परत या. आपल्याकडेही महाविद्यालयातल्या एका पोराची पारख अशीच अडली होती, आणि तिची फेरपारख झाली म्हणून देशाला पदक मिळाले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले होते. १९५२ च्या हेलसिंकीसाठी निवड झाली तेव्हा एका गुणाने त्यांना मागे ठेवले गेले. हा निकाल न्याय्य नाही असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले. जाण्याचा खर्च उभा करायला गावकऱ्यांनी वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. हेलसिंकीला खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आपण ही गोष्ट शाळेत अभिमानाने सांगतो, परंतु तिच्यातला कळीचा भाग घाईने सांगून टाकतो. महाराजांपर्यंत जाण्याचे धाडस त्या पैलवानात होते, आणि महाराजांनी ऐकले. ज्याची महाराजांपर्यंत पोच नव्हती, त्याचे काय? दाद मागण्याची सोय एखाद्या थोर माणसाच्या मर्जीवर असली तर तिला हक्क म्हणत नाहीत. तिला नशीब म्हणतात.

क्रिकेटमध्ये या उणिवेवर एक चांगला उपाय एका मराठी माणसाला सुचला. क्रिकेटचे लेखक मकरंद वायंगणकर यांच्या कल्पनेतून २००२ मध्ये क्रिकेट मंडळाने गुणवत्ता शोधणाऱ्या अधिकाऱ्यांची एक योजना सुरू केली. दिलीप वेंगसरकर तिचे प्रमुख होते. मुंबई, दिल्ली, बंगळूर इथे बसून पोरांची वाट पाहण्याऐवजी जुन्या खेळाडूंनी लहान गावांच्या मैदानांवर जावे, खेळ पाहावा आणि लेखी अहवाल पाठवावा, अशी ती योजना. २००३ मध्ये बंगालचे जुने कर्णधार प्रकाश पोद्दार यांनी जमशेदपूरला झारखंडचा एक यष्टिरक्षक पाहिला. पोरगा रेल्वेत तिकीट तपासनीस होता, खरगपूरला नोकरी करीत होता. फटक्यात विलक्षण ताकद होती. यष्टीमागचे काम अजून कच्चे होते. योजनेच्या वयोमर्यादेबाहेर तो गेलेला होता. नियमावर बोट ठेवले असते तर कागद तिथेच थांबला असता. पोद्दारांनी अहवाल पाठवला आणि वरच्यांनी वयाचा नियम आड येऊ दिला नाही. पोराचे नाव महेंद्रसिंग धोनी. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडे मैदानावर त्याने षटकार मारून विश्वचषक जिंकला, तो क्षण तुम्ही सर्वांनी पाहिला आहे.

भुसावळच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला या कथेतली रेल्वे जवळची वाटावी. बाळूंना रेल्वेने नोकरी दिली, धोनीलाही रेल्वेनेच दिली. महिन्याचा पगार घरी येत होता म्हणून ही माणसे खेळात टिकली. जो उपाशी आहे तो पारख होईपर्यंत थांबू शकत नाही. ती शोधयोजना मात्र पुढे बंद पडली. चांगल्या योजना का बंद पडतात, हे कामगार चळवळीतल्या माणसाला विचारू नका. त्यासाठी दुसरे व्याख्यान लागेल.

आता अमेरिकेच्या ड्राफ्टची थेट बहीण म्हणावी अशी घटना. २ मार्च २००८ रोजी क्वालालंपूरला भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाने विश्वचषक जिंकला. नऊच दिवसांनी, ११ मार्चला, या पोरांची नव्या इंडियन प्रीमियर लीगच्या संघांत वाटणी झाली. मोठ्या खेळाडूंचा लिलाव फेब्रुवारीत होऊन गेला होता. पोरांसाठी बोली नव्हती. पगार आधीच ठरवलेला, आणि संघांनी क्रमाने नावे घ्यायची. पहिला मान दिल्लीला मिळाला. विश्वचषक जिंकणारा कर्णधार दिल्लीचाच पोरगा होता. दिल्लीने त्याला न घेता प्रदीप सांगवान या डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाचे नाव घेतले. कर्णधार बंगळूरकडे गेला. त्याचे नाव विराट कोहली.

आज या निवडीला हसणे सोपे आहे. परंतु न्यायाने पाहू. दिल्लीकडे सेहवाग होता, गंभीर होता. फलंदाजांची वाण नव्हती. सांगवान त्याच मोसमात रणजी करंडक जिंकलेल्या दिल्ली संघाचा गोलंदाज होता. गरजेप्रमाणे माणूस घ्यावा, हे कोणताही व्यवस्थापक म्हणेल. आणि पहिल्या वर्षाचा हिशेब मांडला तर दिल्लीचे काही चुकले असे दिसतही नव्हते. त्या मोसमात कोहलीने १३ सामन्यांत अवघ्या १६५ धावा केल्या, सरासरी पंधरा. अशा पोराला सोडून दिले असते तर बंगळूरला कोणी दोष दिला नसता. त्यांनी सोडले नाही. २०१६ मध्ये त्याने एका मोसमात ९७३ धावा केल्या, आणि २०२५ मध्ये बंगळूरने पहिल्यांदा ही स्पर्धा जिंकली तेव्हाही तो त्याच संघात होता.

याचा अर्थ बंगळूरची नजर दिल्लीहून तीक्ष्ण होती असे मी म्हणत नाही. क्रमाने पहिला मान दिल्लीचा होता. दिल्लीने कोहली घेतला असता तर बंगळूरने सांगवान घेतला असता की आणखी कोणी, हे सांगता यायचे नाही. शहाणपण नंतर घडले. पहिला कागद वाईट आला असता तोच अखेरचा कागद मानला नाही, पोराला वेळ दिला. ब्रेडीला ती संधी दुसऱ्याच्या दुखापतीने मिळाली, खाशाबांना महाराजांच्या कृपेने, धोनीला एका अहवालाने. गुणी माणूस सापडतो तेव्हा बहुधा तो दुसऱ्या नजरेत सापडतो.

माझीही पारख चुकलेली आहे, ते सांगायला मला लाज वाटत नाही. संघटनेसाठी तरुण कार्यकर्ते निवडणे हे माझे कामच आहे. काही वर्षांपूर्वी मी दोन पोरांतून एक निवडला. तो उंचापुरा, आवाज खणखणीत, सभा जिंकणारा. दुसरा चारचौघांत बोलताना अडखळायचा. त्याला मी वर्गणीच्या पावत्या फाडायला बसवले. पुढे एका कारखान्याच्या फाटकावर आमचे आंदोलन लांबले. तिसऱ्या आठवड्यात खणखणीत आवाज फाटकावर ऐकू येईनासा झाला. पावत्या फाडणारा मात्र रोज हजर असायचा. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणाचे पोर आजारी आहे, हे त्याच्या वहीत असायचे, कारण वर्गणीसाठी तो घरोघर हिंडलेला होता. मी आवाज मोजला होता. काम टिकण्याचे होते. सुदैवाने आमच्या संघटनेत दरवर्षी निवडणूक होते. मला माझी चूक कबूल करण्याचीही गरज पडली नाही. कामगारांनीच ती दुरुस्त केली.

आता खेळाडूंच्या संघटनेकडे वळू. अमेरिकेतल्या फुटबॉल खेळाडूंनी १९५६ मध्ये आपली संघटना उभारली. १९६८ मध्ये वॉशिंग्टनच्या संघाने निवडलेला जेम्स स्मिथ नावाचा खेळाडू पहिल्याच मोसमाच्या अखेरच्या सामन्यात मानेला जबर मार लागून कायमचा बाद झाला. ड्राफ्टमुळे मला एकाच मालकाशी सौदा करावा लागला, म्हणून माझ्या अंगाची खरी किंमत मला मिळाली नाही, असा दावा त्याने लावला. १९७६ मध्ये न्यायालयाने त्या वेळचा ड्राफ्ट बेकायदा ठरवला. मग ड्राफ्ट बंद झाला का? नाही. १९७७ मध्ये मालक आणि संघटना यांनी समोरासमोर बसून करार केला, आणि बदललेल्या स्वरूपात ड्राफ्ट पुढे चालू राहिला. पूर्वी तो मालकांचा हुकूम होता. आता ते दोन्ही बाजूंच्या सह्यांचे कलम झाले. फरक एवढाच, पण माझ्या दृष्टीने सगळा फरक तोच आहे.

आपल्याकडे २०१९ मध्ये क्रिकेट मंडळाने खेळाडूंच्या संघटनेला मान्यता दिली, परंतु ती निवृत्त झालेल्यांची आहे. आज जो खेळतो आहे, ज्याची बोली लागते आहे, त्याची मान्यताप्राप्त संघटना नाही. कोट्यवधी मिळवणाऱ्याला संघटना कशाला, असे कोणी विचारील. कोट्यवधी मिळवणारे मोजके असतात. ज्याचे नाव लिलावात पुकारले गेले आणि कोणीच हात वर केला नाही, तोही घरी दूरदर्शनसमोर बसलेला असतो, आणि आपल्यात काय उणे होते हे त्याला कोणी लेखी सांगत नाही.

म्हणून शेवटी पुन्हा आपल्या रस्त्यावर येतो. पारख ही करावीच लागणार. जागा थोड्या आणि पोरे पुष्कळ, तेव्हा निवड अटळ आहे. माप असावे, कारण माप नसले की जॉबरचे बोट परत येते. परंतु मापणारा माणूस लहान गावापर्यंत चालत गेला पाहिजे. ज्याला नाकारले त्याला त्याचे गुण आणि कारण कागदावर मिळाले पाहिजे. ठरलेल्या मुदतीत पुन्हा उभे राहण्याचा त्याचा हक्क नियमात लिहिलेला असला पाहिजे; महाराज शोधण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये. आणि नियम ठरतात त्या टेबलाशी, ज्यांची पारख व्हायची त्यांच्यापैकी कोणीतरी बसलेले असले पाहिजे.

एवढे सगळे उद्या मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु एक गोष्ट आजपासून तुमच्या हातात आहे. पुढच्या भरतीचा निकाल लागेल तेव्हा यादीत नाव नसलेली पोरे आपल्या गावात असतील. दोन सेकंदांनी हुकलेला पोरगा घरी आला, की त्याला ‘तुझ्याच्याने काही होणार नाही’ असे म्हणू नका. त्या मैदानावर त्याचे दोन सेकंद मोजले गेले, एवढेच सांगा. बाकीचा तो अजून मोजायचा आहे. आणि ती फेरपारख सरकार करील तेव्हा करील, घराने आणि गावाने तरी ती नाकारू नये.